मालपेसमोरची बेटे आणि सोलापूरचा काळा पाषाण

प्रश्न : आमच्या शाळेची सहल या वर्षी सोलापूरहून विजापूर, बदामी, हुबळी असे करीत उडुपीला गेली होती. तेथून मालपे बंदरातून होडीने आम्ही सेंट मेरी बेटांवर जाऊन आलो. त्या बेटांवरील षट्कोनी दगडी खांब पाहून मुलांनी विचारले की, हा आपल्याकडचाच काळा पाषाण आहे का. सोबतच्या वाटाड्याने, दख्खनचा लाव्हारस वाहत येथपर्यंत आला, असे सांगितले. मी भूगोल शिकविते, तरी मला होय किंवा नाही असे खात्रीने सांगता आले नाही. हे खांब कसे तयार झाले आणि इतक्या देखण्या बेटांवर माणसांची वस्ती का नाही, हेही कृपया सांगावे.
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : वाटाड्याने सांगितले ते बरोबर नाही; मात्र सोलापूरच्या माणसाला ते पटावे, हे साहजिक आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटापासून शेतातल्या विहिरीच्या कठड्यापर्यंत आपण जन्मभर एकच दगड पाहिलेला असतो, त्यामुळे काळसर आणि ज्वालामुखीचा म्हटला की तो आपलाच वाटतो. प्रत्यक्षात मालपेसमोरच्या त्या बेटांचा दगड आपल्या पाषाणाहून जवळजवळ दोन कोटी वर्षांनी तरी जुना आहे, त्याची घडण वेगळी आहे आणि ज्या घटनेतून तो जन्मला, ती घटनाही वेगळी आहे.

याचा पहिला पुरावा आपल्या सहलीच्या वाटेवरच होता. सोलापूर सोडल्यापासून विजापूरच्या पुढेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती, मुरूम आणि त्याखालचा पाषाण असाच क्रम दिसतो. ही दख्खनच्या पठाराची दक्षिणेकडील कड आहे. पुढे बदामीला आपण ज्या तांबड्या कड्यांतील लेणी पाहिली असतील, तो वालुकाश्म आहे. तो लाव्हारसाचा नसून पाण्यात साचलेल्या वाळूचा आहे आणि दख्खनच्या लाव्ह्याहून कित्येक पटींनी जुना आहे. हुबळी-धारवाडच्या आसपास तर त्याहूनही प्राचीन खडक लागतात, इतके की त्यांच्या एका मोठ्या गटाला जगभर धारवाडच्याच नावाने ओळखतात. घाट उतरून उडुपीला पोहोचल्यावर वरती जांभा आणि खाली पट्टिताश्म, म्हणजे ज्याला इंग्रजीवरून आपण नाइस म्हणतो तो अतिप्राचीन खडक, असा थर आहे. म्हणजेच आपला काळा पाषाण बेळगाव-बागलकोटच्या आसपास संपला आणि त्यानंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आपण त्याच्याशिवाय कापलेत. एवढा पल्ला वाटेत कोठेही माग न ठेवता ओलांडून लाव्हारस नेमका चार लहान बेटांवर जाऊन थांबला, असे मानायला आधार नाही.

दुसरा पुरावा दगडाच्या अंगात आहे. आपला पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात वजनाने साधारण निम्मा भाग सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, असते, म्हणून त्याचा रस पातळ असतो आणि दूरवर पसरतो. त्यातूनच पठारावरच्या सपाट, एकावर एक चढविलेल्या थरांची रचना झाली. सेंट मेरी बेटांवरील खडक रायोलाइट आणि डॅसाइट या जातीचा आहे. त्यात सिलिकेचे प्रमाण बरेच जास्त असते आणि त्यामुळे त्याचा रस काकवीसारखा दाट व चिवट होतो. मी त्या बेटावर गेलो होतो, तेव्हा खिशातील भिंग लावून एका खांबाचा ताजा तुटलेला भाग पाहिला होता. राखी रंगाच्या, काचेसारख्या गुळगुळीत पार्श्वभूमीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे स्फटिक विखुरलेले होते. ते फेल्स्पार या खनिजाचे होते. रस पूर्ण गोठण्याआधीच, जमिनीच्या पोटात असताना, हे स्फटिक वाढलेले असतात आणि उरलेला रस मग घाईने गोठतो. दुरून मात्र याच खांबांवर समुद्राचा आणि उन्हाचा थर चढलेला असतो, म्हणून ते काळे दिसतात आणि फसगत होते.

तिसरा आणि निर्णायक पुरावा वयाचा आहे. दगडाचे वय काढण्याची रीत मुलांना समजावून सांगण्याजोगी आहे. खडकात पोटॅशियम असते आणि त्याचा अगदी लहानसा भाग किरणोत्सारी असतो. तो साधारण १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो आणि त्यातल्या काही अणूंचे अर्गॉन वायूत रूपांतर होते. रस वितळलेला असतो तोवर हा वायू निसटून जातो. रस गोठला की तो स्फटिकांत अडकून राहू लागतो. म्हणून अडकलेला अर्गॉन आणि उरलेले पोटॅशियम मोजले, की दगड कधी गोठला ते कळते. सेंट मेरी बेटांवरील खडकांचे वय या रीतीने, तसेच युरेनियमपासून शिसे होण्याच्या रीतीने, निरनिराळ्या अभ्यासकांनी काढले आहे. उत्तरे थोडी मागेपुढे होतात, तरी ती सर्व साडेआठ कोटी ते ९.३ कोटी वर्षांच्या दरम्यान पडतात. दख्खनचा मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा बेटे आधीची आणि पठार नंतरचे. पठारातून बेटांकडे लाव्हारस वाहण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग हा रस आला कोठून? त्या काळी भारत आणि मादागास्कर हे एकमेकांना चिकटलेले होते. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी ते एकमेकांपासून फाटू लागले आणि त्या फटीच्या दोन्ही काठांवर ज्वालामुखींचे उद्रेक झाले. मादागास्करमध्ये त्या काळातील लाव्हा मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या बाजूला जे थोडे उरले, त्यात मालपेसमोरची ही बेटे येतात. या उद्रेकांमागे पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्णतेचा एक झोत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला मॅरियन तप्तबिंदू असे नाव आहे, कारण आज तो हिंदी महासागराच्या थेट दक्षिणेला, दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील मॅरियन बेटाखाली असल्याचे समजले जाते. मालपेपासून मादागास्करचे उत्तर टोक आज सुमारे ४,००० किलोमीटर दूर आहे. तरीही मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावरील आंतोंजिल उपसागराभोवतीचा प्राचीन नाइस आणि कर्नाटकाच्या पश्चिम भागातील नाइस हे एकमेकांशी इतके जुळतात, की ते एकाच भूखंडाचे दोन तुकडे मानले जातात. वर्गात जगाचा नकाशा असेल, तर मुलांना या दोन जागांवर दोन बोटे ठेवायला जरूर सांगावे.

दख्खनच्या उद्रेकाची कथा यानंतरची आहे. भारत मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकत असताना, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या दुसऱ्याच एका तप्तबिंदूवरून गेला आणि त्यातून आपले पठार घडले; त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून वेगळा झाला. म्हणजे आधी मादागास्कर सुटले, मग सेशेल्स. हा क्रम लक्षात राहिला, तर मालपेची बेटे आणि सोलापूरचा पाषाण यांची पुन्हा गल्लत होणार नाही.

आता खांबांविषयी. ते कोणी घडविलेले नाहीत, हे मुलांना पटविणे कठीण जाते, कारण कडा फार रेखीव असतात. परंतु याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात दर उन्हाळ्यात तयार होतो. मंगळवेढ्याकडे ज्वारी निघून गेल्यावर एप्रिल-मे महिन्यांत काळ्या रानात उतरावे. जमीन सुकून आकसते, पण तिला एकसंध आकसता येत नाही, म्हणून ती भेगाळते. भेगा एकमेकींना मिळत जातात आणि सगळे रान पाच-सहा बाजूंच्या ढेकळांत विभागले जाते. काही भेगांत हातातली काठी वीतभर नव्हे, हातभर आत जाते. लाव्हारसाचे असेच होते. फरक इतकाच की तेथे ओल जात नाही, तर उष्णता जाते. गोठलेला खडक थंड होताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि जसजशी आतील उष्णता निघून जाते, तसतशा त्या भेगा आत सरकत जातात. तीन भेगा एका बिंदूला मिळतात, तेव्हा ताण सर्व बाजूंनी सारखा सुटावा म्हणून त्यांच्यातील कोन १२० अंशांकडे झुकतात, आणि तसे कोन असलेल्या आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या की षट्कोनच होतो. निसर्गात सगळे षट्कोन अचूक नसतात. पाच आणि सात बाजूंचे खांबही त्या बेटावर आपल्याला मोजता आले असते. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात, त्यामुळे एखादा खांब कललेला असेल, तर त्या जागी उष्णता कोणत्या दिशेने बाहेर पडत होती, हे त्याच्या कलण्यावरूनच वाचता येते.

मुलांसाठी एक प्रयोग सुचवितो. काचेच्या पेल्यात कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात कालवून तो पेला प्रखर दिव्याखाली काही दिवस ठेवावा. पाणी उडून गेल्यावर वरचा थर फुटतो. पण खरी मौज खाली असते. गोळा हलकेच काढून मोडला, की आत काही मिलिमीटर जाडीचे बारीक खांब उभे सापडतात. भेगा वरून आत सरकतात म्हणजे काय, हे त्यावरून हाताने समजते.

असे खांब दख्खनच्या बेसाल्टमध्येही आहेत, हे मात्र सांगितले पाहिजे. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हे त्याचे ठळक उदाहरण आहे, आणि उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर तर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. त्यामुळे केवळ खांब दिसले म्हणून दोन ठिकाणचा दगड एकच ठरत नाही. आकार थंड होण्याच्या रीतीने ठरतो. दगडाची जात आणि वय निराळ्या खुणांनी ओळखावे लागते. वाटाड्याची गफलत बहुधा येथेच झाली असावी.

वस्ती का नाही, याचे उत्तर थोडक्यात देता येते. किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर रांगेत असलेली ही चार मुख्य बेटे आहेत : कोकोनट, नॉर्थ, दर्याबहादुरगड आणि साउथ. आपण ज्या बेटावर उतरलात, ते बहुधा कोकोनट असावे. ते सुमारे ५०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद आहे, आणि या बेटांवरील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून दहा मीटरांच्या आसपासच आहे. एवढ्या लहान आणि ठेंगण्या खडकावर पावसाचे पाणी मुरून गोड्या पाण्याचा बारमाही साठा होत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, की समुद्र इतका खवळतो की जून ते सप्टेंबर होड्याच बंद असतात. नारळ तग धरून राहतात, कुटुंब राहू शकत नाही. दर्याबहादुरगडावर मात्र बिदनूरच्या नायकांच्या काळातील किल्ल्याचे अवशेष आहेत. मालपे बंदराच्या तोंडाशी पहारा ठेवण्यापुरता तेथे माणसांचा वावर होता. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही बेटे नेहमी बेटे नव्हती. साधारण २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला पुष्कळ दूर होता. त्या वेळी हे खडक म्हणजे मैदानातील टेकाडे होती आणि मालपेहून तेथे चालत जाता आले असते. दगड नऊ कोटी वर्षांचा आहे. त्याचे बेटपण मात्र काही हजार वर्षांचे आहे.

प्रश्न : भारतात कालिकतला पोहोचण्याआधी वास्को द गामा प्रथम सेंट मेरी बेटांवर उतरला आणि म्हणून भारतभूमीवरील त्याचे पहिले पाऊल तेथे पडले, असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांत वाचले. हे खरे आहे काय?
— एक निवृत्त वाचक, अक्कलकोट

उत्तर : वास्को द गामा तेथे आला, हे मानायला चांगला आधार आहे; परंतु तो येताना नव्हे, परत जाताना आला. येथेही पुन्हा क्रमाचीच गफलत झालेली आहे.

त्याच्या ताफ्यातील एका सहप्रवाशाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे आणि तिच्यावरून तारखा जुळविता येतात. ताफा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथून वाटाड्या खलाशी बरोबर घेऊन तो २४ एप्रिल १४९८ रोजी समुद्र ओलांडायला निघाला, तेव्हा नैर्ऋत्येचा वारा पाठीशी होता, आणि तीन आठवड्यांहून थोड्या अधिक काळात किनारा दिसला. १८ मे रोजी जो डोंगर नजरेस पडला, तो आजच्या कण्णूर जिल्ह्यातील एळिमल असल्याचे मानतात. तेथून ताफा दक्षिणेकडे वळला आणि २० मे रोजी कालिकतजवळ काप्पाड येथे नांगर टाकला. नकाशा पाहिला तर एळिमल हाच मालपेच्या दक्षिणेला आहे. ताफ्याने किनारा गाठला तोच या बेटांच्या खाली आणि तो गेला आणखी खाली. बेटांवर थांबण्याचा प्रसंगच आला नाही.

कालिकतचा राजा सामुतिरी याच्याशी संबंध बिघडल्यावर २९ ऑगस्ट १४९८ रोजी गामा परत निघाला. वारा अजून प्रतिकूल होता, त्यामुळे ताफा किनाऱ्याला धरून हळूहळू उत्तरेकडे सरकत राहिला. रोजनिशीत १५ सप्टेंबर, शनिवार, या दिवशीची नोंद आहे : किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बेटांजवळ ताफा थांबला असता काही होड्या मासे विकायला आल्या, गामाने त्या लोकांना सदरे भेट दिले, आणि बेटावर पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह असलेला दगडी स्तंभ उभारला. असे स्तंभ पोर्तुगीज दर्यावर्दी मुद्दाम बरोबर नेत आणि नव्याने पोहोचलेल्या किनाऱ्यावर आपली खूण म्हणून उभे करीत. या स्तंभाला सांता मारिया असे नाव दिले होते आणि तेच नाव पुढे इंग्रजी वळणाने सेंट मेरी होऊन बेटांना चिकटले. पुढील पोर्तुगीज इतिहासकारांनी ही जागा कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बारकूर आणि भटकळ यांच्या दरम्यान सांगितली आहे, तीही येथून जवळच पडते. स्तंभ आज तेथे पाहायला मिळत नाही. त्यानंतर काही दिवसांतच ताफा कारवारजवळील अंजदीव बेटावर पोहोचला, तेथे जहाजांची डागडुजी झाली आणि ५ ऑक्टोबर रोजी त्याने भारताचा किनारा सोडला.

येताना ज्या समुद्राला चार आठवडेही लागले नव्हते, तोच परतताना ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. वाऱ्याचा हंगाम चुकला होता. ताजे अन्न नसल्याने हिरड्या सुजण्याचा स्कर्व्ही हा रोग पसरला आणि त्या एका टप्प्यात तीसेक माणसे दगावली. २ जानेवारी १४९९ रोजी त्यांना आफ्रिकेचा किनारा दिसला. मोसमी वाऱ्यांचे हे वेळापत्रक आपल्या किनाऱ्यावरील कोळ्याला आणि अरब नाखव्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते न पाळल्याची किंमत या खलाशांनी मोजली. मला तरी बेटांवरील त्या स्तंभापेक्षा, मासे घेऊन आलेल्या होड्यांची ती दोन ओळींची नोंद अधिक मोलाची वाटते. बेटांवर वस्ती नव्हती, पण त्यांच्या भोवतीचे पाणी रोज कामात असलेल्या माणसांचे होते, हे तिच्यावरून कळते.

प्रश्न : आमच्या मुलाने त्याच सहलीतून खांबाचा एक लहान तुकडा आणला आहे. तो ठेवावा की परत करावा?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिलेली आहे, आणि तेथून दगड उचलू नये, हे मुलाला स्पष्टपणे सांगावे. अशा स्थळांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा असावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये एक मसुदाही प्रसिद्ध केला होता. परंतु आणलेला तुकडा टपालाने परत पाठविल्याने काही साधणार नाही, आणि तो घरातील कपाटात पडून राहिला, तर दोन वर्षांत तो कोठला हे कोणाला आठवणार नाही. जागेची नोंद नसलेला दगड अभ्यासाला निरुपयोगी असतो. म्हणून तो शाळेच्या भूगोलाच्या कपाटात द्यावा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवावी : ‘कोकोनट बेट, मालपे, जिल्हा उडुपी, रायोलाइट-डॅसाइट गटातील खडक, सुमारे नऊ कोटी वर्षे’, आणि खाली सहलीची तारीख. त्याच्या शेजारी आपल्याच एखाद्या विहिरीच्या खोदकामातून निघालेला ताजा तुटलेला पाषाण ठेवावा आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘बेसाल्ट, सोलापूर, सुमारे ६.६ कोटी वर्षे’ असे लिहावे. शेजारी एक भिंगही ठेवावे.